पत्ता फाट्यावर लागतो

२००४ साली शरयू जालन्यात मस्तगडला बसून वेबसाइट ठेवायला सर्व्हरवरची जागा भाड्यानं देत असे. जागा एका मोठ्या कंपनीची; शरयू ती घाऊक घेई आणि किरकोळीनं देई. पण साइट कुठे सापडेल हे इंटरनेटला सांगणाऱ्या नेमसर्व्हरवर नाव त्या कंपनीचंच दिसे. वाटूरचे बियाणेवाले पुंजाराम नेमके तिथंच अडले होते.

"तुमचं नाव दिसलं तर साइट तुमच्याकडं. न्हाई तर मी सरळ कंपनीकडंच जातो की!"

हे पहिलं मोठं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून शरयूनं स्वतःच्या नावाचे दोन नेमसर्व्हर तयार केले. तरी पुंजारामांसमोर साइट काही उघडेना.

"नेमसर्व्हरचा पत्ता कुठं लिहिला, ताई?"

"त्याच नेमसर्व्हरवर."

पुंजाराम खो खो हसले. "म्हणजे वाटूर फाट्यावर पाव्हण्यानं माझं घर विचारायचं, अन् लोकांनी म्हणायचं, पुंजारामच्या घरी जाऊन पत्ता विचार! मंग पोचंल का तो?"

शरयूनं कपाळावर हात मारला. जिथून आपल्या साइटचं नाव घेतलं होतं, त्या नोंदणीवाल्यांकडं तिनं दोन्ही नेमसर्व्हरचे पत्ते तिथल्या तिथं नोंदवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन खणखणला.

"उघडली, ताई! नावबी बराबर तुमचंच दिसून राह्यलं. थांबा, केदारखेड्याचा मेव्हणा इथं हातातून फोन ओढून राह्यला. त्यालाबी साइट पायजे, अन् माझ्याहून मोठी!"

शरयूनं हसत हसत वही पुढं ओढली.