फऱ्यांची परीक्षा

शामरावांना साखरेचा आजार निघाला आणि कलावतीबाईंनी त्यांचा भात बंद केला. तांदळाच्या मुलखात, रायपुरात राहून भात बंद! सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात भट्टीसमोर जन्म काढलेला माणूस, पण पोळी दिसली की रडकुंडीला येई.

म्हणून लेक मोनालीने आपल्या प्रयोगशाळेतून तांदळाच्या पिठाची पिशवी आणली, तेव्हा ते चक्क नाचले.

“एन्झाइम वापरून यातल्या स्टार्चला नवीन फांद्या लावल्या, बाबा. पोट त्या उलगडतच बसतं. शुगर धीरे धीरे चढते.”

“याच्या वाफवलेल्या वळ्या, फरे करते. खाऊन साखरेची मशीन लावू,” कलावतीबाई म्हणाल्या. “आकडा उडाला तं या घरात भाताचं नाव काढाचं नाही. कबूल?”

“हव, कबूल!”

कलावतीबाईंनी पीठ कोमट पाण्यात भिजवून झाकलं. फरे वळायला पातेलं उघडलं तर गोळ्याचं पातळ पाणी! शामरावांनी बोट बुडवून चाटलं.

“अवो, हे तं गोड लागून राहिलं!” त्यांचा चेहरा पडला. गेला भात, कायमचा गेला.

“आई, यात काय टाकलं?” मोनालीने विचारलं.

“काही नाही वो. मूठभर मोड आलेल्या गव्हाचं पीठ. नातवाच्या लापशीत टाकते तेच. म्हटलं, ताकद यावी.”

मोनाली हसत हसत ओट्याला धरून खालीच बसली. “मोडातही एन्झाइम असतं! पण ते कापणारं. मी फांद्या लावल्या, तू कुऱ्हाड चालवली!”

“मले काय मालूम? त्या झाडाले पाटी लावाची होती ना!”

“परीक्षा रद्द!” शामराव टाळ्या पिटत ओरडले. “परीक्षकानंच पेपर फोडला!”

कलावतीबाईंनी उरलेलं पीठ घेतलं. या वेळी मोनाली पहाऱ्याला उभी राहिली. फरे वाफवले, तिळाची फोडणी बसली. शामरावांनी डोळे मिटून ते खाल्ले आणि लगेच अंगणात झपाझप फेऱ्या सुरू केल्या.

“बसा! चालून साखर उतरवता काय? बेइमानी!”

ते बसले, पण गुडघे नाचतच राहिले. वेळ झाली तशी त्यांनी सुई टोचायला बोट स्वतःच पुढे केलं.

कलावतीबाईंनी चष्मा पुसून मशीन पाहिली. खाण्याआधीचा आकडा जेमतेम सरकला होता. त्यांनी मशीन हलवली, पुन्हा पाहिलं.

“बिघडली असंल,” त्या पुटपुटल्या. “उद्या अजून करून पाहू.”

“आणि परवाही!” शामरावांनी त्यांचे हातच धरले. “अशा मशीनचा काय भरवसा, कलावती? रोज तपासलं पायजे!”