भिंतीला टेकलेले कण

आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्या यंत्रावर संशय घेतला तो माझ्याच भाच्यानं.

सव्वीस वर्षं मी या प्रयोगशाळेत धातूच्या तुकड्यांवर हिऱ्याची सुई दाबतेय. किती जोर दिला, सुई किती आत गेली, त्यावरून धातू किती टणक ते सांगते. भाचा तेच काम दोन खोल्या पलीकडे संगणकावर करतो. त्याचा धातू म्हणजे लाखो कण. त्यांत खोटी सुई खुपसायची आणि कोण कुणाला किती ढकलतो ते मोजायचं. या नोकरीची जाहिरात मीच त्याला दाखवली होती. भोगा आता.

त्याची सुई माझ्या सुईच्या निम्मीच आत जायची. साहेब म्हणाले, तुमचं यंत्र म्हातारं झालं, शुक्रवारी बंद करू, तुम्ही भांडारात जा. भांडारात जाऊन खोकी रचायची, तीही या वयात. मला रडूच आलं.

गुरुवारी सकाळी त्याच्या खोलीत गेले नि म्हटलं, दाखव तुझे कण. त्यानं जिवावर आल्यासारखं चित्र लावलं. सुई खाली आली तसे कण बाजूला सरकले, तुकड्याच्या कडेला त्यानं घातलेल्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच अडले.

"तुकडा एवढासाच का घेतलास?"

"मोठा घेतला की गणित लवकर संपत नाही, मावशी."

मी कपाळावर हात मारून घेतला. खाचेभोवती भरपूर मोकळी जागा सोडायची, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हटलं, अरे शहाण्या, कणांना सरकायला जागाच नाही, मग सुई आत जाणार कुठून?

त्यानं तुकडा चौपट रुंद केला आणि गणित लावून दिलं. शुक्रवारी दुपारी साहेब यंत्र बंद करायचा कागद घेऊन आले, तेव्हा त्याच्या पडद्यावर किती जोराला सुई किती आत गेली याच्या दोन रेघा होत्या, एक त्याची, एक माझी. एकीवर एक बसलेल्या.

"चूक माझी होती, साहेब," भाचा म्हणाला. "मावशीचं यंत्र बरोबर आहे."

साहेबांनी कागद खिशात घातला, सोमवारी नवे तुकडे पाठवतो म्हणाले आणि गेले. हुश्श. सकाळीच पिशवीत भरलेलं भिंग मी माझ्या खोलीत जाऊन परत टेबलावर ठेवलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

भाचा दाराशी घुटमळत होता. रागावलीस का, म्हणाला. रागावले होते, चांगलीच.

"खुर्ची ओढ," मी म्हटलं. "आज सुई तू दाब. मी बघते."