फाटता फाटता राहिलेलं पान

मी बोलतेय, मोनिकाची दोनशे पानी वही. क्रांती चौकातल्या दुकानातून तिनं मला आणलं, पहिल्या पानावर हळदीकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या पानापासून जे लिहायला बसली, ती आजतागायत उठलेली नाही. आधीच सांगते, मी भित्री आहे. कागदाची जात, फाटायला कितीसा वेळ लागतो!

मोनिका खगोलशास्त्रज्ञ. नव्या ताऱ्यांभोवती धुळीची चकती फिरत असते, त्या धुळीतून ग्रह कसे घडतात, याचाच तिला ध्यास. त्यापायी आठ वर्षं ना धड सण, ना लग्नकार्य. मार्चमध्ये एका चकतीत तिला रिकामी खाच दिसली. म्हणजे तिथली धूळ गोळा करून ग्रह जन्मतोय! माझ्यावर तिनं केवढं मोठं उद्गारचिन्ह काढलं. शोधनिबंध छापायला निघाला. त्यावरच तिची कायमची नोकरी ठरणार होती.

काल दुपारी तिनं घाईत राहून गेलेली एक तपासणी केली. ताऱ्याचा झगमगाट वजा केल्याशिवाय भोवतीची धूळ दिसत नाही. तीच वजाबाकी तिनं खाच नसलेल्या बनावट चकतीवर करून पाहिली. तिथंही खाच पडली. झगमगाटाबरोबर धूळही वजा होत होती. ग्रहबिह काही नव्हता. तिनं सगळं माझ्यावर उतरवलं, पार पानाच्या तळापर्यंत.

तेवढ्यात सोयगावहून वडिलांचा, आप्पासाहेबांचा फोन आला.

"पोरी, गावात तुझ्या अभिनंदनाचा बोर्ड रंगवायला घेतलाय. ग्रहाचं नाव काय लिहू? पेंटर थांबलाय इथं."

"आप्पा, ग्रह नाय तिथं. माझी चूक झाली."

आप्पांनी आवाज खाली आणला.

"दुसऱ्या कुणाला कळलंय का?"

"नाय."

"मग?"

फोन ठेवून तिनं माझं ते पान चिमटीत पकडलं. पान टर्रकन दोन बोटं फाटलं. मला दुखलं, पण त्याहून भीती वाटली ती तिच्या चेहऱ्याची. मग ती थांबली. मला मिटलं आणि पिशवीत घातलं.

आता मी तिच्या मार्गदर्शकांच्या, श्रीधर सरांच्या टेबलावर उघडी पडलेय. ती समोर उभी आहे. बसायला सांगूनही बसली नाही.

"हे पान कशानं फाटलं?" सरांनी विचारलं.

"मीच फाडत होते, सर."

सरांनी चष्मा चढवून वाचायला घेतलंय. आता तिचं काय होईल, मला ठाऊक नाही, आणि भीतीनं माझी पानं चिकटायची वेळ आलीय. सर, एवढीच विनवणी, खालपर्यंत वाचा. चूक तिनंच पकडलीय.