तिसरं नाव

"अरे ए, इंजिनवाल्या," कुंपणापलीकडून मामेभावाने हाक मारली, "माझ्या बोटीची मोटर अजून खोकतेय बघ."

इंजिनवाल्याने मान वर केली नाही. परवापरवापर्यंत हाच मामेभाऊ त्याला स्यामान मिरोंग म्हणत होता. मिरोंगचा बाप. तैवानजवळच्या लान्यू बेटावर पहिलं मूल होईपर्यंतच माणसाचं स्वतःचं नाव चालतं. बारशाच्या दिवशी बाप झऱ्याचं पाणी आणतो, ते बाळाच्या डोक्यावर शिंपडतात, आणि त्याच दिवशी आई, बाप, आजी, आजोबा अशा सगळ्यांना त्या बाळाचं नाव लागतं.

मिरोंग एकुलता एक. काओशुंग शहरात इमारतीच्या कामावर होता, परांचीवरून पडला. त्याची आई बरीच वर्षं आधी गेली होती. बाप एकटाच बोटीने गेला आणि तिथेच त्याला अग्नी देऊन परत आला.

"प्लग काळा पडलाय. ठेवून जा," तो म्हणाला.

"तुझ्या म्हाताऱ्या आईला सांगितलंस?"

"इंजिनाचे सुटे भाग आणायला गेलो होतो, असं सांगितलंय."

"असं किती दिवस?"

"डॉक्टर म्हणाला, धक्का देऊ नका. हृदयात काही जोर राहिलेला नाही तिच्या."

मामेभाऊ मोटर खाली ठेवून तिथेच घुटमळला. "आणि तुला काय म्हणायचं ते तरी सांग. लहानपणीचं घेऊ?"

"ते लंगोट न बांधणाऱ्या पोराचं नाव आहे. खबरदार घेतलंस तर."

"मग इंजिनवालाच बरा," मामेभाऊ म्हणाला आणि मागच्या वाटेने गेला.

सगळं गाव हल्ली मागच्या वाटेने जात होतं. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर तो ऐकतो आणि मागे वळतो. म्हातारी तर स्यापेन मिरोंग, म्हणजे मिरोंगची आजी. तिला हाक मारायची तर ते नाव घ्यावं लागणार, आणि दुसऱ्या नावाने मारली तर तिला सगळं कळणार. म्हणून अळूच्या शेताकडे जाणाऱ्या बायकांनी तिच्या घरापुढची वाट सोडली. म्हातारीची काळजी म्हणून सोडली. कुणाच्या मनात दुसरं काही नव्हतं.

सकाळच्या बोटीने हुंगबाई आली. तैपेईच्या विद्यापीठात ती माणसांच्या नावांचा अभ्यास करायची. नाव कुठून आलं, कसं बदललं, कोण कुणाला कोणत्या नावाने हाक मारतं, हे ध्वनिमुद्रित करत ती दर वसंतात बेटावर घरोघर फिरायची. बेटाची भाषा तिला चांगली येत होती. म्हातारीशी तिचं गूळपीठ होतं. इंजिनवाल्याने तिला गावातल्या दुकानातच अडवून सगळं सांगितलं.

हुंगबाईने खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग म्हणाली, "मी आल्यापावली परत जाते."

"वाटेने येताना तुमचा आवाज गेलाय तिच्या कानावर. न भेटता गेलात तर विचारत बसेल. गप्पा मारा, पण नावांचं काही काढू नका."

"नावांशिवाय दुसरं मी कधी काय काढलंय?"

म्हातारी समुद्राकडे तोंड करून माच्यावर बसली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण उकडलेल्या अळकुड्यांची सालं तिच्या बोटांखाली सुटत होती. शेजारच्या काठीवर उडते मासे वाळत टांगलेले होते. त्यातले थोडे बाजूला होते, नातवाच्या वाटणीचे.

"ये गं. वाळलीस किती. नवरा मिळाला का?"

"नाही, आजी."

"नावं गोळा करत फिरलीस की हेच व्हायचं. यंत्र आणलंयस ना? लाव."

"आज राहू दे. तुम्ही दमला असाल."

"बसून बसून कोण दमतं? लाव म्हणते ना."

हुंगबाईने दाराकडे पाहिलं. इंजिनवाला उंबऱ्यात उभा होता, हाताला ग्रीस तसंच. त्याने नाइलाजाने मान हलवली. तिने यंत्र लावलं. विचारलं मात्र काहीच नाही.

म्हातारी आपणहून बोलू लागली. "मी जन्मले तेव्हा सी वानाई. बाप हाक मारायचा तर डोंगरापर्यंत जायची. मग मला मुलगा झाला. त्याच्या बारशाला झऱ्याचं पाणी इतकं गार होतं की पोरगं निळं पडलं रडून. त्या दिवशी मी सिनान ताग्रान झाले. ताग्रानची आई."

ती थांबली. हातातली अळकुडी सोलून झाली होती. ती तिने टोपलीत ठेवली आणि दुसरी घेतली.

हुंगबाईला हे पाठ होतं. दर वर्षी म्हातारी इथे हसायची, आणि तिसऱ्या नावाची गोष्ट सगळ्यात लांबण लावून सांगायची.

"संपलं," म्हातारी म्हणाली. "बंद कर."

यंत्र बंद करायला हुंगबाईला दोनदा बटण दाबावं लागलं.

"मुलगा परत आला त्या दिवसापासून या वाटेने कुणी मला हाक मारलेली नाही," म्हातारी म्हणाली. "इतक्या बायका रोज शेतावर जायच्या. नावाने हाक मारून 'जेवलीस का,' म्हणून विचारायच्या. सगळ्या एकदम मुक्या कशा होतील?"



म्हातारीने चाचपडत काठीपर्यंत हात नेला. बाजूला टांगलेले मासे एकेक करून उतरवले आणि मांडीवर ठेवले. मग दाराकडे तोंड केलं.

"ताग्रान," तिने हाक मारली. "हात धू. जेवायला ये."

ही हाक आपल्याला आहे हे त्याला आधी कळलंच नाही. मग तो रांजणापाशी गेला. ग्रीस निघेना. तो हात घासत राहिला.

"ताग्रान, निवतंय रे."

"आलो, आई," तो म्हणाला.