जमिलाच्या फॉर्मवरचा शेरा

धाटावच्या एका केमिकल कंपनीत पावडर पोत्यांत भरायची शेड आहे. मास्क लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम. पण गालात तंबाखूचा बार असला की थुंकायला मास्क खाली ओढावा लागतो, म्हणून सगळ्यांचे मास्क कायम गळ्यात. जुने शिफ्ट इन्चार्ज हिरामणदाजी याकडे काणाडोळा करत. कामाला जरा उशीर झाला की मात्र आईबहिणीचा उद्धार करत.

ते रिटायर झाले आणि सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांची जागा शेडमध्ये पोती शिवणाऱ्या, अष्टमी गावच्या जमिलाला मिळाली. तिने पहिल्याच दिवशी शेडचं दार अडवलं. "बार थुका, चूळ भरा, मास्क लावा, मंग आत." शिवी नाही, आरडाओरड नाही, पण वीस वर्षांच्या जुन्या मोरूलाही तिने दोनदा दारातून परत पाठवलं. गड्यांचं पित्त खवळलं.

सहा महिने भरले. तिला कायम करायच्या फॉर्मवर मॅनेजर दिनानाथसाहेबांनी सगळीकडे 'उत्तम' लिहिलं आणि शेऱ्यात इंग्रजीत एकच शब्द टाकला: बॉसी. सही केलीच नाही.

फॉर्म बघितल्यावर जमिलाला शब्द कळला नाही, पण काहीतरी खटकलं. संध्याकाळी तिने कतारला नवऱ्याला फोन लावून अर्थ विचारला.

"लोकांवर हुकूम गाजवणारी," नझीर म्हणाला.

"मंग इन्चार्जनं दुसरं काय करायचं?"

"आमचा फोरमन दिवसभर बोंबलतो, त्याला कडक म्हणतात. हापिसात एक बाई हाय, ती कागद वेळेवर मागते. तिला बॉसी म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नको."

तिने लावून घेतलं. तिचा भाऊ सुलेमान याच शेडमधून खोकला घेऊन घरी बसला होता. अष्टमीचा पूल ओलांडताना तीनदा थांबायचा. हुकूम गाजवणारा कोणी तेव्हा असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि फार राग आला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, हिरामणदाजींच्या फॉर्मवर काय लिवलं होतं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "शिस्तप्रिय. हे बघा जमिलाबाई, मोरूने सह्या गोळा करून तुमची तक्रार दिलीय. शेडमध्ये जाऊन एकदा माफी मागा. मी शेरा खोडतो, सही करतो. नाहीतर परत पोती शिवायला बसावं लागेल."

जमिला मास्क लावून शेडमध्ये शिरली. माफीची बातमी तिच्या आधीच पोचली होती. मोरू आणि त्याचे सोबती पोत्यांना टेकून बसले होते, मास्क गळ्यात, गाल फुगलेले, चेहरे लग्नघरासारखे. हवेत पांढरी भुकटी तरंगत होती. गंमत बघायला साहेबही मागून आले.

"माफी मागायला आलीस ना गो?" मोरूने विचारलं.

"व्हय. पयले मास्क वर घ्या. तवर मी बोलनार नाय."

कोणी हललं नाही. जमिलाही हलली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग मोरूला भुकटीने ठसका लागला, तो थांबेचना. डोळे पुसत तो उठला, बाहेर जाऊन चूळ भरून आला आणि मास्क लावला. बाकीचे एकेक करून निमूट उठले. माफीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

जमिला साहेबांकडे वळली.

"शेरा राहू द्या साहेब, सही तेवढी करा. आनि आत थांबायचं असंल तर तुमी बी मास्क लावा."