माझ्या अंगावरचा निळा ठिपका

मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्या अंगाची थरथर अजून गेलेली नाही. प्लास्टर कुठे थरथरतं का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल! मी जे पाहिलं ते तुमच्या वाट्याला आलं असतं, तर तुम्हीही जागच्या जागी थिजला असता.

मी नकाशा आहे आणि बराच जुना आहे. घडी घालून खिशात कोंबायचा कागदी नकाशा नव्हे हं! मी हात लावून बघायचा, उठावाचा नकाशा. कॉपरहॉर्न दरीच्या उद्यानात, कचेरीच्या मोठ्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. बाहेर खरी दरी आहे आणि आत मी आहे. तिचा प्रत्येक कडा, प्रत्येक घळ, प्रत्येक पायवाट माझ्या अंगावर आहे. दरीत उतरायचा बेत करणारी माणसं आधी माझ्यावर बोट फिरवतात आणि मग पाय उचलतात.

मला ऑर्सन टटल या गवंड्यानं घडवलं. गावातल्या घरांची छतं गुळगुळीत करणारा हा माणूस. त्यानं लाकडाच्या फळ्या कापून एकावर एक रचल्या, त्यांवर प्लास्टर लिंपलं, आणि दर रविवारी चर्चमधून आला की तो दरीच्या काठावर उभं राहून मला जुळवून बघायचा. कडा चुकला की शिव्या द्यायचा, आणि रविवारी शिव्या दिल्या म्हणून स्वतःच्याच तोंडावर चापट मारायचा. माझा रंग त्यानं विकत आणला नाही. दरीतली तांबडी, पिवळी, जांभळट वाळू चाळून, सरसात कालवून अंगावर चढवली. म्हणून मी कधी फिका पडलो नाही. निळा रंग मात्र वाळूत कुठून मिळणार? तो डब्यातला. नखाएवढा एकच निळा ठिपका होता माझ्या अंगावर. तो जूडिथचा झरा.

खेचरवाटेनं, म्हणजे खेचरं जातात त्या वाटेनं, खाली उतरलं की उन्हात वितळायची वेळ येते, तेव्हा हा झरा लागायचा. अख्ख्या वाटेवर पाणी तेवढं एकच. तिथे बाटल्या भरायच्या आणि वर चढायचं, असा गावातल्या सगळ्यांचा ठरलेला बेत. आणि निघण्याआधी एक रीत असायची. दाराशी नळ आहे. त्याखाली बोट ओलं करायचं आणि माझ्या निळ्या ठिपक्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. का, ते कुणालाच माहीत नाही. पण थेंब ठेवल्याशिवाय गावातलं माणूस दरीत उतरत नसे. ओल्या बोटांनी तो रंग सारखा उडायचा, आणि कुणी ना कुणी तो पुन्हा भरायचं.

काय दिवस होते ते! टोबी लुसेरो हा इथला रेंजर. तो माझ्याशेजारी उभा राहून लोकांना बेत आखून द्यायचा. वाट किती लांब आहे हे तो आधी सांगतच नसे. "पाणी किती घेतलंय, ते दाखवा," हा त्याचा पहिला प्रश्न. एकदा चकचकीत बुटांचे एक गृहस्थ आले. त्यांनी माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट ओढलं आणि म्हणाले, "दुपारच्या आत एवढं उरकून येतो."

टोबी म्हणाला, "साहेब, बोटाला तहान लागत नाही. तुमचं काय?"

खोलीतले सगळे खो खो हसले. गृहस्थही हसले, आणि मुकाट्यानं छोट्या वाटेनं गेले. मुलं माझ्या कड्यांवरून दोन बोटं चालवायची. म्हातारी माणसं म्हणायची, वा, हुबेहूब आहे! मी फुलून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग हातातले फोन आले आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड उरली नाही. कुणी माझ्या पठारावर कॉफीचा पेला ठेवी, कुणी ओली टोपी वाळत घाली. एका पोरानं तर च्युइंगगम माझ्या घळीत चिकटवला. टोबी तो काढताना पुटपुटत होता, "काय रे बाबा तुझी दशा!" एवढी आपुलकी असलेला तो एकटाच उरला होता.

आता ऐका, मित्रांनो. घात झाला तो इथे.

गेल्या शरद ऋतूत टोबी खेचरवाटेनं खाली जाऊन आला. घामानं चिंब झालेला आणि तोंड उतरलेलं. तो माझ्यापाशी बसला, खिशातला चाकू काढला आणि माझा निळा ठिपका खरवडू लागला. मला धक्काच बसला. माझं पाणी का काढतोय हा? तेव्हा तो माझ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "गेला रे आपला झरा. थेंब नाही. नुसती भेगाळलेली माती." खाली पांढरं प्लास्टर दिसेपर्यंत त्यानं खरवडलं. उद्या वाटेच्या तोंडाशी पाटी ठोकतो, असंही म्हणाला.

तो उद्या आलाच नाही. पहाटे पायऱ्यांवर बर्फ धरला होता. टोबी घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. त्याला शहरात बहिणीकडे नेलं. भूल, शस्त्रक्रिया, दुखणं, या सगळ्यात सांगायचं राहून गेलं. हिवाळ्यात खाली कुणी उतरत नाही. म्हणजे झरा आटलाय हे माझ्या अंगावरच्या त्या पांढऱ्या डागाशिवाय कुणीच सांगत नव्हतं. आणि मला तोंड नाही!

टोबी नसताना कचेरी सांभाळायला वेल्डा स्टाउट येऊ लागली. गावात तिचं केकचं दुकान होतं. लग्नाच्या केकवर साखरेची नाजूक फुलं काढून काढून हात असा बसलेला की रेघ जराही हलायची नाही. जीव लावणारी बाई. माझ्यावरची धूळ पाहून तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, काय करून ठेवलंय याचं! लहानपणी बाबा मला खांद्यावर घेऊन हा दाखवायचे." तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, खाचा बुजवल्या, दरीतून वाळू मागवून माझे कडे रंगवले. इतक्या वर्षांनी कुणी प्रेमानं हात फिरवत होतं. मी सुखावलो, अगदी लाडावलो म्हणा ना.

आणि मग तिला तो पांढरा डाग दिसला.

"बघा, थेंब ठेवून ठेवून रंग उडवला लोकांनी," ती हसत म्हणाली, आणि कुंचला निळ्यात बुडवला. नको, वेल्डा, नको! मी आतल्या आत ओरडलो. पण कुंचला टेकलाच. इतका सुरेख, इतका चमकदार निळा ठिपका माझ्यावर कधीच नव्हता. मागे सरून तिनं मान तिरकी केली. "आता कसा दिसतोस!" मी सुन्न झालो होतो.

उन्हाळा लागला. हंगामाच्या सुरुवातीलाच वेल्डाचा मुलगा डेल शहरातून आला, सोबत त्याची आठ वर्षांची मुलगी ब्रिन. डेल याच गावात वाढलेला. लेकीला खेचरवाट दाखवायची, हे त्यानं तिला वर्षभरापासून कबूल केलेलं. तिघं माझ्याभोवती उभे राहिले.

"आई, पाणी किती घेऊ? चार बाटल्या पाठीवर घ्यायच्या म्हणजे माझं कंबरडंच मोडेल."

"चार कशाला? लहानपणी दोन घेऊन जायचास की. झऱ्यावर भरा. शहरात जाऊन अगदीच नाजूक झालायस बघ!"

"आजी, ते पाणी चांगलं असतं?" ब्रिननं विचारलं.

"चांगलं? अगं, दात कळवळतील एवढं गार. मी तुझ्याएवढी असताना ओंजळीनं प्यायलेय."

डेलनं दोन बाटल्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. माझ्या अगदी शेजारी, मित्रांनो! भरलेल्या होत्या. ब्रिननं नळाखाली बोट भिजवलं, टाचा उंचावल्या आणि माझ्या निळ्या ठिपक्यावर थेंब ठेवला. नव्या रंगावर तो टपोरा होऊन बसला. "आजी, बघ, हलत नाही!" ती खुश झाली. मग बापलेक हात धरून दाराबाहेर पडले. मी काय करू शकत होतो? काहीच नाही. एवढा हताश मी कधी झालो नव्हतो.

ऊन चढलं. दुपारी दार ढकलून काठी टेकत टेकत कोण यावं? टोबी! वेल्डा धावली. "मेल्या, कळवायचं तरी! थांब, खुर्ची देते. आणि बघ, तुझ्या लाडक्याला कसा नटवलाय!"

टोबी हसत माझ्याकडे आला. कड्यांवरून नजर फिरवली, छान छान म्हणाला. आणि तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की वेल्डाच घाबरली.

"हा निळा कुणी लावला?"

"मी. का रे? चुकला का रंग?"

"वेल्डा, झरा आटलाय. मीच खरवडला होता तो ठिपका. आज खाली कुणी गेलंय?"

वेल्डानं टेबलावरच्या त्या दोन भरलेल्या बाटल्यांकडे पाहिलं.

"डेल," ती म्हणाली. "आणि ब्रिन. टोबी, माझी ब्रिन. मीच सांगितलं त्यांना."

टोबीनं काठी टाकून दिली आणि वायरलेसकडे लंगडत गेला. तो ओरडून ओरडून झऱ्याची जागा सांगत होता. शहराकडून हेलिकॉप्टर निघालं, गावातून दोन माणसं पखाली घेऊन वाटेनं पळाली. वेल्डा माझ्यापाशी आली. तिनं खेचरवाटेवर बोट ठेवलं आणि ते सावकाश खाली सरकवू लागली. "आता इथे असतील. नाही, ब्रिन दमली असेल, इथे बसले असतील. इथे थोडी सावली आहे, नाही का रे टोबी?" ते निळ्या ठिपक्यापर्यंत आलं की ती दचकून उचलायची आणि पुन्हा वरून सुरू करायची.

"माझ्याच हातांनी," ती सारखी म्हणत होती. "माझ्याच हातांनी रे."

टोबी म्हणाला, "चूक माझी. एक फोन करायला काय झालं होतं मला? हाड मोडलं होतं, जीभ नव्हती मोडली."

वायरलेस खरखरला तेव्हा दोघंही जागचे हलले नाहीत. सापडले होते. कोरड्या झऱ्याच्या कडेला, खडकाच्या पट्टीएवढ्या सावलीत. डेल बेशुद्ध होता. झरा कोरडा दिसताच त्यानं उरलेलं सगळं पाणी लेकीसाठी ठेवलं होतं आणि स्वतः ओठही भिजवले नव्हते. ब्रिन शुद्धीवर होती. आपला सदरा काढून तिनं बापाच्या तोंडावर सावली धरली होती आणि दोन्ही हात वर धरून तशीच उभी होती. तिचे हात खाली घ्यायला त्या माणसांना समजूत काढावी लागली.

वेल्डानं तोंडात पदर कोंबावा तसा आपला ॲप्रन कोंबला आणि ती रडली. मी कितीतरी माणसं हसताना पाहिली आहेत. असं रडताना कुणाला पाहिलं नव्हतं.

डेल वाचला. दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले, मूत्रपिंडांना मार बसला होता, पण वाचला. तो घरी आला त्या आठवड्यात वेल्डा ब्रिनला घेऊन कचेरीत आली. हातात केक कापायची सुरी. माझ्यापुढे उभी राहून तिनं तो निळा ठिपका खरवडायला घेतला. टोबीपेक्षा खोल खरवडला. मला दुखलं नाही. मला हायसं वाटलं.

टोबी म्हणाला, "पुरे गं. मी वाटेवर पाटी ठोकलीय."

"पाटी वाऱ्यानं उडते," वेल्डा म्हणाली, आणि थांबली नाही.

पांढरी खळगी झाल्यावर ब्रिन नळाकडे गेली. तिनं बोट ओलं केलं. वेल्डा दचकली, पण तिनं अडवलं नाही. ब्रिननं खळगीत थेंब ठेवला. आता तिथे रंग नव्हता, मित्रांनो, नुसतं कोरडं प्लास्टर होतं. मला राहवलं नाही म्हणा, पण मी तो थेंब क्षणात पिऊन टाकला. ओलाही डाग उरला नाही.

"आजी," ब्रिन हळूच म्हणाली, "संपलं."

तेव्हापासून गावात रीत तीच आहे, पण तिचा शेवट बदलला आहे. निघण्याआधी माणसं माझ्या खळगीत थेंब ठेवतात, तो नाहीसा होताना बघतात, आणि मग पिशवीत आणखी दोन बाटल्या घालतात.

तुमच्याही घरी, शाळेत माझ्यासारखं जुनं काहीतरी असेल. त्याची धूळ जरूर पुसा, बाळांनो, मायेचा हात कुणाला नको असतो? पण त्याच्या अंगावर ओरखडा दिसला, तर रंग लावण्याआधी जरा विचारा, हा कुणी केला आणि का केला. आणि तुम्हालाच काही ठाऊक असेल, तर ते नुसतं माझ्यासारख्या मुक्याच्या अंगावर खरवडून जाऊ नका. माणसाला सांगा, त्याच दिवशी सांगा.