सिमेट्रीच्या वळणावरचा हुंदका

मेलेली बाई गाडीतून रडते म्हटल्यावर भिंगार गाव घरात कशाला बसेल? रविवारी सकाळीच मैदान भरलं. बायका पदर सावरत पुढं, बाप्ये मोबाईल उंच धरून मागं. भेळवाल्यानं तर सावली बघून गाडा लावला होता. मधोमध उभी होती ती गाडी. लाल, बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटची जपानी गाडी. आणि तिच्यासमोर गळ्यात जुन्या चाव्यांची माळ घातलेले रामहरी महाराज.

महाराजांचा धंदा नवाच होता : वाहनबाधा निवारण. त्याआधी हा गृहस्थ शेवगावच्या बाजारात जुन्या जीपांची दलाली करायचा. मग त्याला साक्षात्कार झाला. दलालाला साक्षात्कार झाला की तो गिऱ्हाइकाला भक्त म्हणायला लागतो, बाकी धंदा तोच राहतो.

"भक्तांनो," महाराज म्हणाले, "क्लच म्हणजे वैराग्य. अ‍ॅक्सिलेटर म्हणजे वासना. आणि ब्रेक म्हणजे कोण?"

"गुरू," बायका म्हणाल्या.

"आणि ज्याला गुरू नाही, तो?"

"धडकतो," भेळवाला म्हणाला. लोक हसले. महाराजही हसले. गिऱ्हाईक हसलं की सौदा अर्धा झाला, हे त्यांना जीपांनीच शिकवलं होतं.

गाडीच्या दाराला टेकून इमॅन्युएल भिंगारदिवे सर उभे होते. गाडी त्यांच्या बायकोची, कृपाबाईंची. बाई नर्स होत्या. नोकरीला नैरोबीत होत्या तेव्हा तिकडं ही गाडी घेतली आणि परत येताना हट्टानं बोटीवर चढवून आणली. भिंगारात पन्नाशीची बाई असली गाडी हाणते म्हणून लोक हसायचे, आणि ती येताना दिसली की रस्ता सोडून बघत उभे राहायचे. मागच्या वर्षी कृपाबाई गेल्या. कावीळ झाली, आणि बघता बघता गेल्या. मूलबाळ नव्हतं. सर आणि गाडी, दोघंच उरले.

सरांची ओळख सांगितली तर तुम्ही म्हणाल, हा माणूस तिथं उभा तरी कसा राहिला? आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. सुट्टीत गावोगाव जाऊन जिभेवर कापूर जाळून दाखवला, लिंबातून निघणारं रक्त कुठून येतं ते सांगितलं. आणि आज तेच सर बुवापुढं मान खाली घालून उभे. त्याचं कारण ऐका, आणि मग हसायचं तर हसा.

बाई गेल्यावर काही महिन्यांनी सरांनी गाडी वैजनाथ मिस्त्रीकडं सर्व्हिसिंगला दिली. ती परत आली आणि दोन गोष्टी सुरू झाल्या. घरापासून बाजारापर्यंतचा रस्ता सरळ, त्याला काटकोनातलं वळण एकच, ख्रिस्ती दफनभूमीच्या कोपऱ्यावर. सिमेट्रीचं वळण म्हणतात त्याला. गाडी नेमकी तिथं हुंदका द्यायची. मागून, खालून, दाबून धरलेलं रडू फुटावं तसा. कृपाबाई त्याच भिंतीच्या आत होत्या. आणि दुसरी गोष्ट गिअरची. पहिल्यातून दुसरा टाकायला गेलं की दांडी अडायची. थोडी थांबायची, मग जायची. सर उतारवयात बायकोकडूनच गाडी शिकले होते. दुसरा टाकताना ते दांडी हिसकायचे, आणि ती त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणायची, "अहो, ओढू नका. थांबा जरा. तो येतो."

आता दांडी तशीच थांबायची. सर रोज सकाळी काही काम नसताना बाजारापर्यंत जायचे आणि यायचे. घरात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

गाडी रडते, हे गावभर केलं वैजनाथनं. एकदा चालवून बघितली, वळणावर हुंदका ऐकला आणि चावी सरांच्या हातात टेकवून म्हणाला, "सर, मिशिनीचं काम न्हाई हे. बाईंच्या जवळ आली की रडती ती." महिनाभरात महाराज हजर झाले; बाई गाडीत आहे असं कुणीतरी ठामपणे म्हणतंय, म्हणून सरांनी त्यांना गिअरवरच्या हाताचंही सांगितलं. सरांच्या चर्चच्या पास्टरांनी नाक मुरडलं, पण त्यांच्या मंडळीतलीही चार माणसं त्या दिवशी मैदानाच्या भिंतीआडून बघत होती.

"आत्म्याला धर्म नसतो," महाराज म्हणाले, "आणि गाडीलाही नसतो. तैलाभिषेक!"

चेला पिचकारी घेऊन गाडीखाली सरकला. मागच्या चाकांमधल्या हौसिंगचं, म्हणजे तेलाच्या लोखंडी डब्याचं, बूच खोलून त्यानं पिचकारीतलं तेल आत सोडलं. वर महाराजांचा मंत्र चालूच. मग महाराज स्वतः चालवायला बसले, शेजारी सर. "आता अष्टांग प्रदक्षिणा," असं म्हणून त्यांनी मैदानावर गाडी हळूहळू आठच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. डावीकडं गोल, उजवीकडं गोल. आधी गाडी हुंदके देत होती. मग हुंदका पुसट झाला. मग थांबला. माणसं हात जोडून उभी राहिली. एक बाई तर रडायलाच लागली.

सरांना तेलाचा वास आला, आणि तो ओळखीचा निघाला. ह्याच मैदानावर, ह्याच सीटवर ते असेच गरगरत बसले होते, आणि कृपाबाई हसत आठ काढत होत्या. सर म्हणाले होते, "फुगडी घालतेस काय गाडीला?" त्या म्हणाल्या होत्या, "मागच्या चकत्यांना औषध पाजतेय. फिरवल्याशिवाय अंगी लागत नाही." नवं तेल भरलं की त्या एवढीशी बाटली त्यात ओतायच्या. तिला हाच उग्र वास यायचा.

म्हणजे महाराजांना ठाऊक होतं. भूत कुठलं आणि चकत्या कुठल्या, नीट ठाऊक होतं.

सरांनी तोंड उघडलं का? नाही उघडलं. कारण महाराज पुढं म्हणाले, "ताई आता रडणार नाही. पण तिचा हात अजून गिअरवर आहे. ही गाडी पुढच्या रविवारी आमच्या मठाला द्या, म्हणजे हातही सुटेल." अशा गाडीसाठी पुण्यातले शौकीन रांग लावतात, हेही दलालाला ठाऊक होतं. पण सरांनी एवढंच ऐकलं, की हात अजून आहे.

त्या आठवड्यात सरांचं घर माणसांनी भरलं. बाई गेल्यावर दफनाला आलेली माणसं नंतर गेटसुद्धा ओलांडत नव्हती. आता चहा कमी पडायला लागला. कुणी गाडीला हात लावून नमस्कार करायचं, कुणी बाईंच्या फोटोपुढं नारळ ठेवायचं. सर सगळ्यांना बसा म्हणायचे, आणि गिअरवरच्या हाताचं स्वतःच सांगायचे. भुतानं घर भरलं होतं, आणि त्या माणसाला ते गोड लागत होतं. हे लिहिताना मला राग येतो. सरांचा नव्हे, गावाचा.

गुरुवारी पलीकडच्या गल्लीतल्या रंगुबाई भाकरी-पिठलं घेऊन आल्या. त्यांचा गोरक्षनाथ दोन वर्षांपूर्वी विहिरीवर शॉक लागून गेला होता.

"सर, आता माझं बी व्हणार," त्या म्हणाल्या. "गोरक्षाची मोटरसायकल हाय ना, तिच्यातून बोलवतो म्हनले म्हाराज. येत्या रविवारी मठाला द्यायची."

"आणि सूनबाई? ती तर त्याच गाडीवर डेअरीत कामाला जाते ना?"

"जाईल की चालत. पोरगं बोलंल तर काय बिघडलं?" मग पिठलं वाढत म्हणाल्या, "तुमची बाई आली म्हनून तर इस्वास बसला माझा. तुमच्यासारख्या शिकलेल्या मान्साचं खोटं न्हाई व्हनार."

सरांनी ताट बाजूला सारलं. ते उठले आणि तडक वैजनाथच्या गॅरेजात गेले.

"वैजनाथ, माझ्या गाडीत कुठलं तेल घातलंस?"

"नव्वद नंबरचं गिअर ऑइल. पिपातलं."

"मागच्या हौसिंगला?"

"व्हय."

"आणि गिअरबॉक्सला?"

"तेच की. ट्रॅक्टरला तेच, जीपला तेच, टेम्पोला तेच. गिअर म्हंजी गिअर. तुमची काय सोन्याची हाय व्हय?"

"बाई दोन डबे वापरायची. पुढं वेगळा, मागं वेगळा."

"त्या फॉरेनच्या. त्यांचं लाडच लई," वैजनाथ म्हणाला. पण त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

सरांनी नगरला जाऊन हवी ती तेलं आणि ती छोटी बाटली आणली. पितळेच्या एका तारेचे दोन तुकडे केले. एक पिपातल्या तेलात, एक गिअरबॉक्सच्या योग्य तेलात घातला आणि दोन्ही भांडी मंद आचेवर दुपारभर ठेवली. पिपातला तुकडा काळा पडला. दुसरा पिवळाच राहिला. सरांनी दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून खिशात ठेवले. गिअरबॉक्सच्या तेलाचा डबा त्यांनी गाडीत ठेवला, पण तो उघडायचा नाही असं मनाशी ठरवून. महाराजाला उघडा पाडायला हुंदका पुरे होता; गिअरवरचा हात सरांना ठेवायचा होता.

रविवारी पुन्हा मैदान भरलं. रंगुबाईंनी मोटरसायकल धुऊन, हार घालून आणली होती. मागं सून उभी होती, चेहरा दगडासारखा. सरांच्या सांगण्यावरून वैजनाथनं सकाळीच गाडीच्या मागच्या हौसिंगमधलं तेल काढून पिपातलं भरून ठेवलं होतं.

"महाराज," सर म्हणाले, "मठाला न्यायच्या आधी एक आठ काढून दाखवा."

महाराज ऐटीत बसले. गाडी वळली आणि हुंदका आला. दुसऱ्या बाजूला वळली, पुन्हा आला. सिमेट्री तिथून अर्ध्या मैलावर. महाराज घाईनं उतरले. "अविश्वासाची माणसं आहेत इथं. अशा जागी शक्ती काम करत नाही."

"तेल करतं," सर म्हणाले. त्यांनी खिशातून बाटली काढून पुढच्या बाईच्या नाकाशी धरली. "वास घ्या. आता महाराजांच्या पिचकारीचा घ्या." भेळवाल्यानं चेल्याकडून पिचकारी काढून घेतली; ती आणि बाटली गर्दीतून फिरली.

"तोच हाय की," भेळवाला म्हणाला. "म्हाराज, तीर्थ दुकानात मिळतंय व्हय?"

सरांनी शाळेच्या आवाजात सांगितलं, "वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. ह्या गाडीत मागची दोन्ही चाकं चकत्यांनी एकमेकांशी धरलेली असतात. वळणावर त्या चकत्या अलगद सरकायला हव्यात. साधं तेल असलं की अडकतात, सुटतात, अडकतात, सुटतात. तोच तुमचा हुंदका. सिमेट्रीजवळ येतो, कारण माझ्या रस्त्यावर वळण तेवढंच आहे." वैजनाथनं बाटलीतलं औषध हौसिंगमध्ये ओतलं. सरांनी मंत्र न म्हणता आठ काढले. गाडी गप्प झाली. चेला तेवढ्यात जीप सुरू करून बसला होता. महाराजही चाव्या खुळखुळवत तिकडं सरकले.

झालं, असं सरांना वाटलं. तेवढ्यात रंगुबाई म्हणाल्या, "पन सर, गिअर? हात तर तुमी सोता सांगितला व्हता. त्यो खरा का न्हाई?"

सगळं मैदान सरांकडं बघायला लागलं. आता एकच वाक्य बोललं असतं, की बाई, तेवढं मात्र खरं, तर हात त्यांच्याकडं राहिला असता. मोटरसायकल मात्र जीपच्या मागं बांधली गेली असती.

"वैजनाथ," सर म्हणाले, "गिअरबॉक्सचं बूच खोल. डबा गाडीत आहे."

जुनं तेल निथळेपर्यंत त्यांनी दोन्ही तारा दाखवल्या. बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. "गिअरबॉक्सात अशा पितळी कड्या असतात. त्या आतल्या दातेरी चाकाला घासून वेग जुळवतात, मग गिअर पडतो. मागच्या हौसिंगचं तेल इथं घातलं की कड्या घासायच्याऐवजी घसरतात. वेग जुळायला वेळ लागतो, म्हणून दांडी थांबते. आणि त्या तेलातलं गंधक पितळ खातं. आणखी वर्षभर मी हा हात धरून बसलो असतो, तर तिची गाडी माझ्याच हातानं संपली असती."

नवं तेल भरून झाल्यावर सर आत बसले. पहिला टाकला. गाडी हलली. दुसरा टाकला. दांडी लोण्यात बोट जावं तशी गेली. सरांनी पुन्हा पहिला केला, पुन्हा दुसरा. मैदानाला एक फेरी मारून ते परत आले, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"मंग बाई कुठं गेली?" रंगुबाईंनी विचारलं.

"मेली, रंगुबाई," सर म्हणाले. वर्षभरात त्यांनी हा शब्द तोंडातून काढला नव्हता. 'गेली' म्हणायचे, 'आता नाही' म्हणायचे. "माझी कृपा मेली. तुमचा गोरक्षही मेला. तो ह्या मोटरसायकलीत नाही. तुम्ही ती दिलीत तरी तो बोलणार नाही, फक्त तुमची सून उद्यापासून पायी जाईल."

"लई कडू बोलता तुमी," रंगुबाई म्हणाल्या. त्यांनी हार काढला, सुनेकडं न बघताच किल्ली तिच्या हातात दिली, आणि घराकडं चालायला लागल्या. सून गाडी ढकलत त्यांच्या मागून गेली.

तमाशा संपल्यावर मैदान रिकामं व्हायला किती वेळ लागतो? भेळवाल्याचा गाडा हलला तेवढा. वैजनाथ तेवढा थांबला. "चुकलं माझं, सर," म्हणाला, पाने गोळा केले आणि गेला. त्या संध्याकाळी सरांकडं कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भूत होतं तेव्हा चहाला दूध पुरत नव्हतं.

आता तुम्हाला सांगतो, आणि स्पष्टच सांगतो. गाडी आवाज करायला लागली तर त्यात तेल कुठलं आहे ते विचारा. पुढच्याला कुठलं, मागच्याला कुठलं, तेही विचारा. मिस्त्री 'सगळ्याला एकच' म्हणाला तर दुसऱ्या मिस्त्रीकडं जा, आणि भूत म्हणाला तर तिसऱ्याकडं. ज्याचं कारण कळत नाही त्याचं कारण शोधावं लागतं, त्याला हार घालून भागत नाही. पण रामहरी महाराज तेल विकून मोठा झाला नाही. एकटी पडलेली माणसं हेरून झाला. मेलेल्या बाईचा हुंदका ऐकायला अख्खं भिंगार आलं, आणि जिवंत माणूस वर्षभर एकटा जेवत होता तिकडं कुणी फिरकलं नाही. तुमच्या गल्लीतही असं एक घर असेल. आज तिथं जा. काही दिसतं का, ऐकू येतं का, असलं विचारू नका. जेवलात का, एवढं विचारा आणि थोडा वेळ बसा. तुम्ही नाही बसलात, तर तिथं बुवा येऊन बसेल.